मनकर्णेची शिष्यवृत्ती

सन एकोणीसशे पंचावन्नच्या उन्हाळ्यातली ती एक साधी सकाळ होती. पिंगळीला आबासाहेब देशमुखांच्या माळवदावर कुरडया घालण्याचे काम चालले होते. सून धुरपताबाई सोऱ्यातून कापडावर कुरडया पाडत होती आणि नणंद मनकर्णा खालच्या चुलीवर गव्हाचा चीक घोटून पातेले वर आणून देत होती. दोघींत कामापुरते बोलणे होते. तेवढ्यात पोस्टमन दारात आला आणि सोप्यात बसलेल्या दिनकररावांनी त्याच्या हातून हैदराबादचा लिफाफा घेतला.

दिनकरराव हे आबासाहेबांचे एकुलते एक चिरंजीव, भूगर्भशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेले. या लिफाफ्याकडे त्यांचे कधीपासून डोळे लागले होते. पण वर नाव मनकर्णेचे होते. तरी त्यांनी तो फोडला. खडकांच्या पुढच्या अभ्यासासाठी सरकारी शिष्यवृत्ती मंजूर झाली होती. दोन वर्षांचे शिक्षण, त्यातले अर्धे विद्यापीठात आणि अर्धे डोंगरदऱ्यांत, धरणांच्या जागा तपासणाऱ्या पथकाबरोबर. मराठवाड्याच्या वाट्याला जागा एकच होती. भाऊ-बहीण दोघांनीही अर्ज केला होता आणि जागा बहिणीला मिळाली होती.

त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा वाचली. मग माळवदावर चढून ते मनकर्णेला म्हणाले, "तुला मिळाली."

तिचे दोन्ही हात चिकाने भरलेले होते. तिने विचारले, "आन् तुला, दादा?"

"जागा एकच होती," असे म्हणून दिनकरराव हसले. सोऱ्याची मूठ फिरवता फिरवता धुरपताबाईंनी ते हसू पाहिले. ते त्यांच्या चांगले ओळखीचे होते. कितीतरी वर्षे तेच हसू त्या स्वतःच्या चेहऱ्यावर आणत आल्या होत्या.

मनकर्णेचे लग्न नवव्या वर्षी झाले आणि अकराव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी परतली. नवऱ्याचा चेहराही तिला नीट आठवत नव्हता. घराणे मानाचे, तेव्हा दुसऱ्या लग्नाचे नाव काढायची सोय नव्हती. बांगड्या गेल्या, कुंकू गेले, सणावाराला पुढे यायचे नाही असे ठरले. आई लवकर गेलेली. मुलगी दिवसभर धान्य निवडत कोपऱ्यात बसे. तेव्हा परभणीच्या शाळेत शिकणाऱ्या दिनकरला तिची दया आली आणि त्याने तिला अक्षरे शिकवली. पुढे तो हैदराबादला गेला. सुटीत येताना तो उर्दूतली शास्त्राची पुस्तके आणी आणि ती तिला वाचून समजावी. दगड कसा जन्मतो, नदी त्याला कशी कापते, हे त्या अकाली म्हातारपण लादलेल्या मुलीने ओसरीच्या उजेडात ऐकले. तिच्या आयुष्यात काही घडण्यासारखे उरले नव्हते. जमिनीच्या पोटात मात्र एवढे सगळे घडून गेले होते, याचे तिला फार नवल वाटे.

रझाकारांच्या धामधुमीत दिनकरने कॉलेज सोडून सत्याग्रहात उडी घेतली. संस्थान विलीन झाल्यावर तो पुन्हा शिकायला गेला, तो घरी अभ्यास करून मॅट्रिक झालेल्या बहिणीला बरोबर घेऊनच. भावकी खवळली. आबासाहेब मात्र एवढेच म्हणाले की, दिनकर म्हणेल तसे. परभणीच्या सभांतून दिनकररावांचे कौतुक झाले, विधवा बहिणीला शिकवणारा तरुण म्हणून त्यांना हार घातले गेले. ते कौतुक खोटे नव्हते. पण मनकर्णा तोवर एका वर्गाने मागे होती. पुढे दिनकरराव शेवटच्या परीक्षेत एकदा नापास झाले, दोघे एकाच वर्गात आले, आणि निकालात ती पहिल्या वर्गात व ते दुसऱ्या वर्गात आले. तेव्हापासून त्यांनी सभांना जाणे सोडले.

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीहून परतताना गाडीत मनकर्णेने त्यांना सगळे भाबडेपणाने सांगितले होते. साहेबांनी तिच्यापुढे काळ्या खडकाचा एक तुकडा ठेवला. त्याच्या पोकळीत पांढरे स्फटिक होते. तसा दगड आपण चारठाण्याजवळ नदीच्या पात्रात पाहिला आहे, असे ती म्हणाली आणि त्या पोकळ्या कशा भरत गेल्या हे तिने उलगडून सांगितले. "तो दगड मला माझ्या भावानं दाखवला, हेबी सांगितलं," ती म्हणाली होती. त्या वाक्याने दिनकरराव अधिकच पोळले होते. तोच तुकडा त्यांच्याही पुढे ठेवला गेला होता. त्यांनी खडकाचे नाव सांगून तो बाजूला सारला होता.

आता त्यांना जेवण गोड लागेना. मनकर्णा ओसरीवर पुस्तक घेऊन बसली की ते उठून जात. तिने एखादी शंका विचारली तर म्हणत, आता तुला मी काय सांगणार. पोळी करपली म्हणून ते धुरपताबाईंवर ओरडले, आणि पोळी करपलेली नव्हती. एकांतात त्यांना वाटे, मी नसतो तर ही आज धान्य निवडत बसली असती. हा विचार खरा होता, म्हणूनच तो त्यांना सोडीना. तिला हात देऊन आपण वर काढले, याचा अर्थ तिने सदैव आपल्या हाताएवढ्याच उंचीवर राहावे, असा त्यांनी मनोमन लावला होता.

आबासाहेब या खेपेलाही म्हणाले, "दिनकर म्हणेल तसं." दिनकरराव हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. एवढेच बोलले की, तंबूत राहायचे, परक्या पुरुषांबरोबर रानोमाळ हिंडायचे, तर भावकीला एकदा विचारलेले बरे. ज्या भावकीला त्यांनी आजवर कधी जुमानले नव्हते, तिची आठवण त्यांना आता झाली.

शेजारीच आबासाहेबांचे चुलतभाऊ बन्सीधरराव राहत. त्यांच्या पत्नी कमलबाई दुसऱ्या दिवशी आडावर धुरपताबाईंना भेटल्या. पोहरा वर ओढता ओढता त्या हळूच म्हणाल्या, "तुमचे मालक काल आमच्याकडं आले व्हते. म्हणले, मी न्हाई म्हणलो तर शोभायचं न्हाई, तवा भावकीनं म्हणावं. बरं झालं बाई. लय चढली व्हती ती."

ऐकताच धुरपताबाईंना आधी आनंदच झाला, हे सांगितले पाहिजे. चौदाव्या वर्षी त्या या घरात आल्या, तेव्हापासून नवऱ्याची संध्याकाळ कधी त्यांची नव्हती. ती बहिणीच्या शिकवणीची होती. आत भाकरी थापताना त्यांना बाहेरचे शब्द ऐकू येत. एकदा त्यांनी भीतभीत विचारले होते, मलाबी शिकवता का. दिनकरराव हसून म्हणाले होते, तुला काय कमी आहे. ज्या बाईला कुंकू नाही तिला पुस्तक, आणि कुंकू आहे तिला चूल, हा न्याय त्यांना कळला नव्हता. नवऱ्यावर रागावायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी सगळा राग नणंदेवर काढला. हळदीकुंकवाच्या दिवशी तिच्या देखत तबक झाकायचे, ताट शेवटी वाढायचे, हे सगळे त्यांनी मन लावून केले होते. आता ती ओसरी रिकामी होणार नाही, पण नणंदही पुढे जाणार नाही, याचे त्यांना बरे वाटले.

घागर घेऊन त्या घरी आल्या. मनकर्णा ट्रंकेत लुगडी भरत होती. भावकी बसणार आहे हे तिला कळले होते. धुरपताबाईंनी मुद्दामच विचारले, "भीती न्हाई वाटायली का तुमाला?"

"कशाची, वहिनी? दादा हाय की बोलायला," मनकर्णा म्हणाली आणि लुगड्याची घडी सारखी करू लागली.

धुरपताबाई आत गेल्या आणि चुलीपाशी बसून राहिल्या. चूल पेटलेली नव्हती. नणंदेचा हेवा त्यांनी पुष्कळ केला होता, पण तिची कीव त्यांना कधी आली नव्हती. ती आज आली, आणि ती त्यांना सोसेना.

बुधवारी दुपारी सोप्यात सतरंजी अंथरली गेली. भावकीतली वडीलधारी मंडळी आली, पानसुपारी फिरली. बायका आतल्या दाराआड उभ्या राहिल्या. बन्सीधररावांनी सुरुवात केली. शिकली तेवढे पुष्कळ झाले, विधवा बाईने हातोडी घेऊन परक्या पुरुषांत डोंगर हिंडणे या घराण्याच्या इज्जतीला साजत नाही, उद्या आमच्या पोरींना स्थळे येणार नाहीत. दोघे-तिघे माना हलवत राहिले. आबासाहेबांनी मुलाकडे पाहिले.

दिनकरराव उठले. काळ बदलला आहे, स्त्रियांनी शिकावे हे मला मान्यच आहे, असे म्हणून ते थांबले. मग म्हणाले की, परंतु समाजाला बरोबर घेऊनच चालावे लागते, वडीलधाऱ्यांचे मन दुखवून काही करावे असे मला वाटत नाही, मनकर्णाही समजूतदार आहे. एवढे बोलून ते खाली बसले. चेहरा अगदी हरलेल्या माणसाचा होता. बहिणीसाठी झगडून झगडून थकल्यासारखा.

दाराआडून मनकर्णेने ते ऐकले आणि तिने चौकट धरली.

तेव्हा धुरपताबाई बोलल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, दारातूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मामंजी, ही भावकी ह्यांनीच बोलावलीय. न्हाई म्हणा म्हणून हेच सांगून आले. ह्यांला रीतभातीचं काही पडलेलं न्हाई. ह्यांला वन्सं पुढं गेलेल्या बघवंनात."

बन्सीधररावांनी सुपारी तोंडातच धरली. दिनकरराव कसेबसे म्हणाले, "तुला काय कळतं यातलं?"

"यातलंच कळतं मला. पुस्तकातलं न्हाई कळत. मी वन्संवर इतकी वर्सं जळले. जळणारं माणूस मला लांबून वळखू येतंय."

मनकर्णा चौकट ओलांडून बाहेर आली. भावकीपुढे ती कधी आली नव्हती. ती भावासमोर उभी राहिली. "दादा, तू सांग. वहिनी खोटं बोलायल्यात का?"

त्यांनी नाही म्हटले असते तर तिने विश्वास ठेवला असता. दिनकररावांनाही ते ठाऊक होते. सतरंजीकडे पाहत ते लहान मुलासारखे बोलले, "तो दगड मी तुला दाखवला होता."

"व्हय. तूच दाखवलास," ती म्हणाली. वडिलांकडे वळून ती म्हणाली, "आबा, मी परवानगीची वाट बघत व्हते. आता बघत न्हाई. मी जाणार हाय."

बन्सीधरराव उठले. ही गेली तर या घरचे पाणी आम्हाला नको, असे त्यांनी जाहीर केले. आबासाहेब आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या म्हणण्याप्रमाणे चालले होते. ते सावकाश म्हणाले, "बन्सीधर, नवव्या वर्षी हिचं लगीन करताना मी कचरत व्हतो. तू म्हणलास, लेकरू हाय, रुळून जाईल. तुझं ऐकलं. आता ऐकत न्हाई."

मंडळी पानसुपारी तशीच टाकून निघून गेली.

जायच्या दिवशी दिनकररावांनी पहाटेच बैलगाडी शेताकडे नेली. तिकडे त्यांना काही काम नव्हते. तेव्हा ट्रंकेची एक कडी मनकर्णेने आणि दुसरी धुरपताबाईंनी धरली, आणि त्या घरच्या सुना-लेकी कधी चालत गेल्या नव्हत्या त्या रस्त्याने दोघी स्टेशनावर गेल्या. आबासाहेब दारात उभे राहून पाहत होते. वाटेत मनकर्णा एकदाच बोलली. "दादाला माझ्याकडून सांगा," असे म्हणून ती थांबली, आणि काय सांगायचे ते तिला सुचले नाही.

निजामाबादवरून हैदराबादला जाणारी गाडी आली आणि गेली. फलाटावर एकट्या उभ्या असताना धुरपताबाईंच्या छातीत पुन्हा तीच आग उठली. नणंदेचे भले झाले याचे समाधान होते, आणि त्या डब्यात आपण नाही याची जळजळही होती. त्यांनी ती स्वतःपासून लपवली नाही. परतीच्या वाटेवर त्या उन्हाकडे न बघता भराभर चालत राहिल्या.

गावाबाहेर गावातलीच कासाबाई शेरडे चारत होती. देशमुखांची सून पायी, एकटी, हे पाहून ती थबकली आणि धाकट्या बाईसाहेब कुठे गेल्या म्हणून तिने विचारले. घरची रीत अशी की विधवा लेक गावाबाहेर गेली तर मावशीकडे गेली किंवा देवाला गेली असे सांगायचे. धुरपताबाईंनी घाम पुसला.

"शिकायला गेली. दगडाधोंड्याचं शास्तर. सरकारनं बोलावलंय तिला."

कासाबाईने कौतुकाने मान डोलावली. "दादासायबांनी धाडलं म्हणा की. देवमाणूस हाय."

धुरपताबाई पुढे निघाल्या होत्या. त्या मागे वळल्या.

"कुणी धाडलं न्हाई, कासाबाई. ती गेली."