थावराने पास केलेला संगणक

मित्रांनो, आखाडा बाळापूरच्या भागवत सरांच्या क्लासमध्ये मेणकापडाखाली बसलेला जुना संगणक तो मीच.

माझा जन्म १९९९ सालचा. आपल्या देशातल्या 'गोदातारा' कंपनीने मला घडवले आणि परदेशातल्या 'ऑल्टमोर' कंपनीने नाव दिले. दोघींची भागीदारी होती. राबायचे एकीने, मिरवायचे दुसरीने. पण खोटे कशाला बोलू, कपाळावरच्या त्या नावाच्या निळ्या पट्टीचा मला भारी तोरा होता. टीव्हीवर जाहिरात पाहिलेली माणसे कळमनुरीचे क्लास सोडून माझ्याकडे आणि माझ्या दोन भावांकडे यायची.

दोन वर्षांनी कंपन्यांचे बिनसले. 'ऑल्टमोरची पट्टी काढा,' असे पत्र आले. सर नियमाचे पक्के. त्यांनी चाकूने तिघांची कपाळे खरवडली. मागे डिंकाचे डाग तेवढे उरले. "डुप्लिकेट हाय," म्हणत लोक आल्या पावली परत जाऊ लागले. जून सरत आला तरी एक प्रवेश नाही. सरांनी क्लास बंद करून आम्हाला विकायचे ठरवले. मी पार हबकून गेलो.

तेवढ्यात तांड्यावरचा थावरा लेकीला, शितलला, घेऊन आला. थावराने पारखल्याशिवाय तांड्यात कोणी बैल घेत नसे. त्याने माझ्या पाठीवर हात फिरवला. सीडीचा कप्पा उघडायला लावला आणि दात बघावेत तसा आत डोकावला.

"कोन्या घरचा हाय?"

सरांनी खरे ते सांगितले. "एका कंपनीनं बनवला, दुसरीनं नाव दिलं. आता त्यांचं फाटलं, थावराभाऊ."

"म्हंजे सावड व्हती. आमी बी एकेक बैल आनून जोडी लावतो. सावड मोडली म्हून बैल काहून लंगडा व्हईल? चालवून दावा."

मला सुरू व्हायला चार मिनिटे लागायची. मी घरघरलो, खोकलो. सरांना घाम फुटला.

"दमानं," थावरा मलाच म्हणाला.

पडदा उजळला. शितलने एका बोटाने आपले नाव उमटवले. थावराला वाचता येत नव्हते. त्याने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तिचा प्रवेश पक्का केला.

पुढच्या आठवड्यात तांड्यावरून अकरा पोरी आल्या. कंपनी कोणीच विचारली नाही. "थावरानं पास केल्याला कोन्ता?" नातीला घेऊन आलेल्या नानीबाईने विचारले. माझे भाऊ तसेच, त्याच दिवशी जन्मलेले. पण ते रिकामे आणि माझ्यापुढे रांग. क्लास तगला. माझी बटणे मात्र गुळगुळीत झाली.

आता मी थकलो आहे. मित्रांनो, अधूनमधून माझी धूळ पुसा, मला थोडे चालवा. कंपनीचे नाव गेले त्याचे दुःख नाही. पण थावराने मला चांगला म्हटले आहे, आणि बंद पडून त्याला खाली बघायला लावणे मला जमायचे नाही.