वळणावरचा ओटा

"चाचा, पैर ऊपर लो!"

बाहेर ब्रेक करकरले. हातातला खेळण्यातल्या आगगाडीचा डबा रुळावर सोडून उन्नती खिडकीशी धावली. तिचे वडील, केसरीनाथ, ओट्याच्या कोपऱ्यावर पाय खाली सोडून बसले होते. कंटेनरचा ट्रेलर त्यांच्या गुडघ्यांपासून वीतभरावर थांबला होता.

"पाय कनाला घेऊ? ओटा माजा हाय. तू गारी नीट वलव."

"नीट ही मोड़ रहा हूँ चाचा. लंबी गाड़ी है."

मागेपुढे करत ट्रेलर कसाबसा निघाला. राहनाळच्या गोदामांकडे जाणारे ट्रेलर याच वळणावरून जात. ओट्याचा कोपरा ते पुन्हा पुन्हा फोडत आणि केसरीनाथ तो सिमेंटने होता तसा उभा करत. या खेपेला तो फुटला तेव्हापासून ते स्वतःच तिथे बसू लागले होते. माणूस दिसला की ड्रायव्हर जपून वळतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको पार्वती होती तेव्हा तिथेच सुकट निवडायला बसायची. तिने हट्टाने बसवून घेतलेली काळी लादी अजून शाबूत होती. हे कारण मात्र ते कोणाला सांगत नसत.

उन्नती खेळण्यांच्या एका कारखान्यासाठी ठोकळ्यांची आगगाडी बेतत होती. कारखान्याला डबा लांब हवा होता. लांब डब्याची चाकं पक्की बसवली की वळणावर रुळात अडकत. म्हणून तिने दोन्ही टोकांना चाकांच्या फिरत्या जोड्या लावल्या. आता डबा घसरत नव्हता, पण दर फेरीला वळणाच्या आतला फलाट पाडत होता. त्यात बाहेर हॉर्न वाजला की ती उठायची, खिडकीशी जायची, पुन्हा बसायची. कुठे काय चुकतंय ते सुचायच्या आत पुढचा हॉर्न वाजे.

"बाबा, आत या. चहा ठेवलाय."

"हितंच दे."

"तुम्ही बसलात म्हणून ट्रेलर आखूड होणार आहे का?"

"तू तुजी खेलनी खेल, बाय."

"मग खेळायलाच या. इथेही ड्रायव्हर नीट नाही."

केसरीनाथ कुरकुरत आत आले. उन्नतीने फलाटाच्या काठावर एक बाहुली बसवली आणि डबा त्यांच्या हातात दिला. "जपून वळवा."

श्वास रोखून त्यांनी तो रुळावरून सरकवला. चाकं रुळाबरोबर वळली, डब्याचं पोट आत आलं आणि फलाट बाहुलीसकट आडवा झाला.

"घाई झाली." त्यांनी पुन्हा, आणखी हळू नेला. बाहुली पुन्हा पडली. "चाकं तं रुलावरच हायेत!"

"आहेत ना. वाट वाकडी आणि डबा सरळ. मधला भाग आत येणारच. ड्रायव्हर कोणीही असो."

"मंग डबा आखूर कर."

"त्यांना लांबच हवाय."

"मंग काय करशील?"

आपल्याला काय करायचंय ते उन्नतीलाही त्याच क्षणी कळलं. तिने फलाट उचलून रुळापासून एक ठोकळा मागे लावला. केसरीनाथांनी डबा फिरवला. तो बाहुलीच्या पायांजवळून अलगद निघून गेला.

 त्यांनी बोटाने बाहुली जराशी आत सरकवली आणि ते बाहेर जाऊन पुन्हा कोपऱ्यावर बसले. आत चहा उतू गेला.

सकाळी छिन्नीच्या आवाजाने ती धावत बाहेर आली. काळी लादी अख्खी सोडवून भिंतीला टेकवलेली होती. केसरीनाथ उकिडवे बसून कोपरा तोडत होते.

"मी करू का काही?"

"रेघ मारून दे. तुज्या रुलासारकी गोल."

उन्नतीने दोरी धरून खडूने रेघ काढली. त्यांनी कोपरा त्या रेघेबरहुकूम उतरवत आणला. तेवढ्यात वळणावर ट्रेलर आला. कालचाच ड्रायव्हर. सवयीने त्याने ब्रेक दाबला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"चाचा, निकल जाएगी?"

केसरीनाथांनी हातोडा ठेवला. लादी उचलून छातीशी धरली, दारात जाऊन उभे राहिले आणि मानेनेच त्याला म्हणाले, ये.