एक मूठ जास्त

सुरतेतल्या प्लेगच्या पळापळीला वर्ष उलटलं, तरी रंजनाचा लखनवरचा राग काही उतरला नव्हता. बमरोलीतल्या भाईदास सेठच्या कापडाच्या कारखान्यात दोघांचं काम असं, की भांडून लांब बसायची सोय नाही. नव्या बीमचे, म्हणजे मागावर चढवायच्या ताण्याच्या रुळाचे, हजारो धागे एकेक करून फणीतून घालायचे. या बाजूने रंजना धागा पुढे करणार, त्या बाजूने लखन आकडीने ओढून घेणार. दिवसभर तोंडासमोर तोंड. गेल्या साली अख्खं बीम चुकलं, तेव्हा सेठने दोघांकडे पाहिलं आणि लखन पटकन तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला होता, "एनी भूल, सेठ." तेव्हापासून रंजना त्याला धागा द्यायची, शब्द द्यायची नाही.

आषाढात सेठने जुन्या शहरात पाडलेल्या एका घराचा सागवानी पाट आणला आणि लखनला बसायला दिला. त्या पाटाबरोबर चंचल आली. दीडशे वर्षांपूर्वी सुरत जळाली त्या मोठ्या आगीत, लग्नाच्या आदल्या दिवशी गेलेली पोर. अंगाची हळदसुद्धा उतरलेली नव्हती. बीमशी बसलेल्या या दोघांखेरीज ती कुणाला दिसत नव्हती.

भुताची भीती रंजनाला एक दिवस पुरली. दुसऱ्या दिवसापासून ती जळायला लागली. चंचल पाटाच्या कडेला बसून लखनशी गोड गोड बोलायची, आणि ज्या माणसाच्या कपाळावरची आठी वर्षभर हलली नव्हती तो चक्क हसायचा. त्याच्या गालाला खळी पडते हे रंजनाला एका मेलेल्या बाईमुळे कळलं. याचाच तिला जास्त राग आला.

"तिनासंगे बरा हासस," ती शेवटी बोललीच.

"तू कधी बोलनी का मनासंगे?" लखन म्हणाला.

त्या रात्री तिने स्वतःशी कबूल केलं, की हा माणूस आपल्याला हवा आहे. आणि दुसऱ्याच दिवशी चंचल तिच्या देखत लखनला म्हणाली, "मने तमारे घेर लई जाओ." लखन नाही म्हणाला नाही. मान खाली घालून विचार करत बसला.

मग श्रावणातला कानबाई देवीचा सण आला. खान्देशी घराघरांत नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, रोटांसाठी, गहू काढले गेले, घरातल्या एकेका माणसाच्या नावाने मूठ मोजून. हे रोट खायचे ते फक्त त्या कुळातल्या माणसांनी. परक्याला तुकडा मिळत नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. नळावर लखनची आई पुष्पाबाई रंजनाच्या आईला सांगत होती, लखननं यंदा एक मूठ जास्त घ्यायला लावली, कोणासाठी ते सांगेना.

रंजना कळशी अर्धीच भरून घरी निघाली. घरात घेतली त्याने तिला. बायको करून घेतली.

मंगळवारी ती कामावर आली ती भांडायचं ठरवूनच. लखन फडक्यातून रोट काढून देत होता आणि चंचल दीडशे वर्षांची उपाशी असल्यासारखी खात होती.

"तिले घरमा लई गया ना तू?" रंजनाचा आवाज फाटला. "मंग लगीन बी करी टाक. मी मरू का जगू, तुले काय?"

लखन फडकं खाली ठेवून म्हणाला, "येडी शे का तू? बिगर लगीननं मना कुळना रोट खाधा तिनी. बहिन शे ती आते. बहिनसंगे लगीन कसं व्हई?" मग मान वळवून, जरा हळू, "लगीन माले दुसरीसंगे करनं शे. ती वरीसभर बोलेच ना."

रंजना आपल्या जागी बसली. तिने धागा पुढे केला. एकाऐवजी दोन गेले. लखननेही न बघता दोन्ही ओढले. तसे किती गेले कोण जाणे.

चंचलने बोटं चाटली. तिच्या अंगाची हळद आता उतरत चालली होती, आणि तिच्याबरोबर तीही विरत चालली होती. जाता जाता ती रंजनाकडे वाकून म्हणाली, "आवते वरसे मारी मुठ्ठी तमे भरजो, भाभी."

दुपारी सेठ आला. वाकडं भरलेलं बीम पाहून त्याने दोघांकडे पाहिलं.

रंजनाने तोंड उघडण्याआधीच लखन म्हणाला, "मारी भूल, सेठ."