काडेपेटीखालचे भोक

मी एक जुना नमुना आहे, मित्रांनो. वैतागलेली आई मुलाला ‘काय नमुना आहे!’ म्हणते, तसला नव्हे. मी तुमच्या बागेचा नमुना आहे. तुमची बाग जमिनीवर येण्याआधी एका फळीवर होती. ती फळी म्हणजे मी.

माझा जन्म सुतारकाकांच्या दुकानात झाला. काका वस्तीच्या उद्यान सल्लागार मंडळाचे सभासद होते. बाग बांधणे हे मंडळाचे काम नव्हते, ते नगरपालिकेचे. बागेत कुठे काय असावे हे लोकांना विचारायचे आणि नगरपालिकेला लेखी सल्ला द्यायचा, एवढेच मंडळाच्या हातात होते. “कागदावरचं कुणाला कळत नाही, मी करूनच आणतो,” असे म्हणून काकांनी मला घडवले. स्पंजाची झाडे, आइस्क्रीमच्या काड्यांचे बाक, वाकवलेल्या पत्र्याची घसरगुंडी आणि तिच्यापलीकडे आरशाच्या तुकड्याचे तळे. आरशाच्या कडा त्यांनी घासून घासून बोथट केल्या. कुणाचे बोट कापायला नको.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांनाच ठाऊक होती. माझ्या लाकडातली एक गाठ निखळली होती आणि तिथे बटणाएवढे भोक पडले होते. काकांनी त्यावर एक रिकामी काडेपेटी सरसाने घट्ट चिकटवली आणि लिहिले, ‘पंपाची खोली’. मला हायसे वाटले. आपले व्यंग झाकले गेले तर कुणाला बरे वाटणार नाही?

मंडळाच्या टेबलावर माझे फार कौतुक झाले. दर सोमवारी संध्याकाळी सगळे माझ्याभोवती उभे राहायचे. झाडे आणि बाक टाचणीवर होते, ते दर बैठकीत जागा बदलायचे.

“माझा बाक सावलीत हवा. जन्मभर उन्हात पत्रं वाटलीत मी,” टपालकाका म्हणायचे.

“बाक तुमचा नाही, सगळ्यांचा आहे,” अध्यक्षबाई म्हणायच्या.

“सगळ्यांचाच हो. पण बसणार मी!”

काडेपेटी मात्र हलत नव्हती. म्हणून ती हलवावी असे कुणाच्या मनातही आले नाही. सगळी बाग तिच्याभोवती बसत गेली.

सहा महिन्यांनी शेवटची बैठक आली. दुसऱ्या दिवशी सल्ल्याचा कागद नगरपालिकेत जाणार होता. त्या बैठकीला वस्तीतली एक आई आली, कडेवर दोन वर्षांची मुलगी. मुलीच्या पायातला बूट पडला. आईने तिला टेबलाच्या कडेवर बसवले आणि बूट घालायला ती गुडघ्यांवर बसली. तिचे डोळे नेमके माझ्या बाकाच्या उंचीला आले. ती तशीच थांबली.

“इथे मी बसले, तर मला घसरगुंडी दिसत नाही,” ती म्हणाली. “ही काडेपेटी आड येतेय.”

“अहो, चार पावलं पुढं जायचं,” टपालकाका म्हणाले.

“तळंही दिसत नाही. माझी चार पावलं होईपर्यंत ही पोर कुठे पोचलेली असेल?”

अध्यक्षबाईंनी घसा साफ केला. “पंपाची खोली हलवता येणार नाही. सगळा आराखडा तिच्याभोवती बसलाय.”

“पण ती तिथेच का?”

“कारण ती...” बाई अडखळल्या. “खरंच हो, ती तिथे का आहे?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सुतारकाका खाली मान घालून चष्मा पुसत होते. बोलू नका काका, असे मला मनापासून वाटत होते. तेवढ्यात मुलीला आरशात स्वतःचे तोंड दिसले. ती खुदकन हसली आणि तळ्याकडे वाकली. आईने तिला चटकन मागे ओढले.

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “फळीला भोक होतं,” ते म्हणाले. “झाकायला पेटी लावली. दुसरं काही कारण नाही. चुकलं माझं.”

“म्हणजे सहा महिने आम्ही भोकाभोवती बाग फिरवतोय?” टपालकाका ओरडले आणि सगळे हसत सुटले. काकाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

त्यांनी पटाशीने काडेपेटी उपटली. तिच्याबरोबर माझा एक टवकाही निघाला. भोक सगळ्यांसमोर उघडे पडले. आई पुन्हा गुडघ्यांवर बसली.

“दिसतेय,” ती म्हणाली. “आता सगळं दिसतंय.”

पंपाची खोली फाटकाजवळ गेली आणि नगरपालिकेने ते मानले. टपालकाकांची सावली मात्र मानली नाही. सल्ला तो सल्लाच. ते छत्री उघडून बसतात म्हणे.

बाग झाली आणि माझे काम संपले. आता मी वाचनालयाच्या कपाटावर जुन्या पडद्यांखाली पडून आहे. स्पंजाची झाडे झडली आहेत. परवा कुणीतरी म्हणाले, “हे टाकून द्या.” दुसरे म्हणाले, “नाहीतर भोक बुजवून रंग तरी मारा.”

मित्रांनो, टाकायचे तर टाका. पण बुजवू नका. त्याआधी एकदा मला टेबलावर ठेवा, गुडघ्यांवर बसा आणि बाकाच्या उंचीवरून बघा. घसरगुंडीवरच्या तुमच्यापर्यंत आईची नजर त्या भोकावरूनच पोचते.