परत मागितलेली वेल

वेलमावशी कुणाच्याही घरी कधी रिकाम्या हाताने गेली नाही. नवं घर असो की नवं बाळ, जांभळ्या फुलांच्या वेलीची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून हातात ठरलेली. दहा वर्षांत तिने सगळ्या गल्लीला वेल वाटली, आणि वेल निघाली बोट दिलं की मनगट धरणारी. वेलीने कौलं उचलली, गटारं तुंबवली. पोस्टमनच्या भिंतीला तर अशी भेग पाडली, की त्याला शेजारचा रेडिओ फुकटात ऐकू येऊ लागला.

शेवटी पालिकेचा माणूस कुदळ आणि पोती घेऊन आला. "बोटभर मूळ जरी राहिलं ना मावशी, दोन वर्षांत पुन्हा हेच. कुणाकुणाला दिलीत ते सगळं सांगा."

दिलेलं परत मागत फिरायचं म्हणजे मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गल्लीने मात्र हौस भागवून घेतली. "पुढच्या वेळी साबण द्या मावशी," शिंपी कुदळ मारता मारता ओरडला, "झिजतो तरी!" मावशीलाही हसू आवरेना.

बावीस घरं झाली. तेविसावं तिने सांगितलंच नव्हतं. ते होतं धाकट्या बहिणीचं. आईचं शिलाई मशीन धाकटीने नेलं, त्यावरून सात वर्षं अबोला. तिने तोंडावर दार आपटलं तर? पण लपवावं तर सगळ्या गल्लीची मेहनत पाण्यात.

"अजून एक घर आहे," ती म्हणाली.

धाकटीने दार उघडलं आणि बघतच राहिली. "ताई?"

"ती वेल... परत हवी होती."

धाकटी आत वळली. खिडकीपाशी आईचं मशीन होतं आणि त्यावर कुंडीत वेल, वीतभर, नीट कातरलेली.

"दर रविवारी कापते," धाकटी म्हणाली. "बाहेर लावलीच नाही."

"का गं?"

"भांडण झालं तेव्हा वाटलं, आता दिलेलंही परत मागायला येशील. तेव्हा सापडायला नको?" धाकटीला हसू आणि रडू एकदमच आलं. "सात वर्षं वाट बघतेय, कधी येतेस मागायला."

पालिकेच्या माणसाने पोतं धरलं. मावशीने स्वतःच्या हातांनी वेल उपटली, एकेक मूळ वेचून टाकलं. इतका आनंद तिला त्या वेलीच्या फुलांनीही कधी दिला नव्हता.

"उद्या येताना या कुंडीत लावायला दुसरं काहीतरी आणते," ती म्हणाली.

"काही आणू नकोस बाई," धाकटी म्हणाली. "रिकाम्या हाताने ये."