दोनशे वेळा ‘पोचलो’

आईच्या बटणांच्या फोनवर एक पाकीट कायम लुकलुकत असतं. म्हणजे बाहेर मेसेज थांबलेत, आत जागा नाही. दोनशे मावतात, आणि दोनशेही बाबांचे. बाबा लॉरीवर होते. चार वर्षांपूर्वी गेले. प्रत्येक मुक्कामावरून एकच शब्द पाठवायचे, ‘पोचलो’.

माझा फोन मी ताईशी भांडताना भिंतीवर फोडला. वर बोलले, “हॉस्टेलवरच राहा, इथं तुझ्यावाचून कुणाचं अडत नाही.” तेव्हापासून ती आमचे फोन कापते. परवा आईच्या फोनवरून लिहिलं, ‘चुकलं माझं. ये ना.’ तिचं उत्तर आलं असलं तरी बाहेरच अडकलेलं. मोबाइलवाला म्हणतो, थांबलेला मेसेज दोन-तीन दिवस वाट बघतो, मग विरून जातो.

“आई, एक उडव. सगळे सारखेच तर आहेत!”

“सारखे? कार्टे, बस इथं.”

दुपार होती. पडदा फुगत होता, बसत होता. आई पलंगावर आडवी होऊन एकेक मेसेज उघडत होती.

“हा धुक्यातला. पुढचा दिवा दिसेना म्हणून गाणी म्हणत गेले. हा नदीजवळचा. चाकापाशी हरीण येऊन झोपलं होतं म्हणे.”

“थापा!”

“असतील. हा मिठागराचा. सगळी रात्र पांढरी होती म्हणाले.”

माझं डोकं तापलं होतं, पण खोलीत हळूहळू धुकं भरल्यासारखं वाटायला लागलं. हरीण कपाटाशी बसलंय असंही वाटलं. मी आवाज खाली आणला.

“वहीत उतरवून घेऊ?”

“मग ते तुझं अक्षर होईल.”

बऱ्याच वेळानं ती एका मेसेजवर थांबली आणि हसली. “हा खोटा. भांडून निघाले होते. पोचलो म्हणे! मी गच्चीवरून बघतेय, तर लॉरी गल्लीच्या तोंडाशीच उभी. आत बसून शेंगा खातायत.”

“मग?”

“मग काय, मी खाली गेले. निम्म्या मीच खाल्ल्या.” तिनं अंगठा बटणावर ठेवला. “हा जाऊ दे. हे मी डोळ्यांनी बघितलंय.”

उडवला. लगेच एक जाहिरात आत शिरली. मी तिला उडवलं. दुसरी आली. तिलाही. मग पडदा दोनदा फुगला तरी काहीच येईना.

फोन थरथरला.

‘जिभेला हाड नाही तुझ्या. रविवारी दुपारी येतेय. दोन बॅगा आहेत, घ्यायला ये. किती वाजता ते नंतर कळवते.’

मी तीनदा वाचला. आईला मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, “हा ठेव हो.”

“नको,” मी म्हटलं. डोळे मिटून तो शब्दन् शब्द पाठ केला आणि उडवून टाकला. वेळ कळवणारा मेसेज कुठून आत येणार मग?