राज्य कुणावर?

भिंगरीच्या आईची खोली म्हणजे तीन टेबलं, एक फळा आणि जिथं खिडकी असायला हवी तिथं हवा फेकणारी जाळी. आत यायला कार्ड, बाहेर जायलाही कार्ड. एकदा ती कार्ड आत विसरून जिन्याच्या दोन दारांमध्ये पाऊण तास अडकली होती, आणि सहा वर्षांच्या संशोधनाचा सारांश विचारलात तर हाच, असं ती स्वतःच सांगायची. भिंगरी तिची लेक, चार वर्षांची, आठ तासांच्या प्रवासावर बाबाजवळ राहायची. इथल्या वसतिगृहात मुलं ठेवायला मनाई, बाबाची नोकरी तिकडची. लेक एका टोकाला, आई दुसऱ्या, आणि मधे प्रबंध आडवा पडलेला.

प्रबंध कशावर, हे सासूबाईंना सांगताना तिनं युक्ती काढली होती. एक क्वांटम यंत्र आहे, त्याला समजा अठ्ठेचाळीस खुंट्या आहेत. खुंट्या पिळायच्या, यंत्र चालवायचं, एक आकडा येतो. आकडा जितका खाली, तितकं उत्तर चांगलं. तो बघून बाजूचा साधा कॉम्प्युटर सांगतो, आता ही एवढी पिळा, ती तेवढी सोडा. की पुन्हा यंत्र.

"म्हणजे वाद्य जुळवण्यासारखंच की," सासूबाई म्हणाल्या.

"हो, पण बहिऱ्यानं जुळवायचं."

कारण बहुतेक ठिकाणी कुठलीही खुंटी पिळा, आकडा ढिम्म हलत नाही. सगळा सपाट माळ, उतार कुठल्या बाजूला आहे ते कळायला मार्ग नाही. त्यात यंत्र सगळ्यांच्या सामायिक मालकीचं, हिच्या वाट्याला वर्षातून तीस तास. म्हणून थोड्या फेऱ्यांत तळ, म्हणजे सगळ्यात खालचा आकडा, गाठेल त्याची किंमत. जुन्या पद्धतीला चारशे फेऱ्या लागत. हिच्या पद्धतीला चाळीस! वाटेल तिथून सुरुवात करून शंभर वेळा चालवलं आणि शंभरही वेळा तळ गाठला. मार्गदर्शक सरांनी चष्मा पुसून पुसून आलेख पाहिला आणि सही ठोकली. शुक्रवारी पाचच्या आत प्रबंध दाखल, महिन्याभरात तोंडी परीक्षा, की सुटका. हिनं पुस्तकांची दोन खोकी बांधूनसुद्धा ठेवली होती.

त्याच शुक्रवारी तीन वाजता भिंगरीचा व्हिडिओ फोन आला. चेहरा नाही, नुसतं कपाळ.

"आई, आम्ही लपाछपी खेळतोय. माझ्यावर राज्य आहे. मी इतकी पटकन शोधते की नाही, तू बघच!"

तिनं डोळे मिटून दहा आकडे मोजले, त्यातला सात गाळला, आणि फोन हातात धरून थेट आतल्या खोलीच्या दारामागे गेली. तिथं बाबा उभा.

"सापडला! बघितलंस? दुसरीकडे शोधावंच लागत नाही."

"अगं, शोधतेस कुठे? बाबा रोज तिथेच लपतो," आई हसत म्हणाली.

"मग काय झालं? सापडतो ना पटकन?"

आईचं हसू अर्ध्यावरच राहिलं. फोन ठेवते म्हणाली आणि तिनं प्रोग्राम उघडला.

कॉम्प्युटरचं 'वाटेल तिथून' हे आपल्या 'वाटेल तिथून'सारखं नसतं. त्याला आधी एक आकडा द्यावा लागतो, त्याला बीज म्हणतात. त्यातून तो पुढचे वाटेल ते आकडे काढतो. बीज तेच दिलं, तर आकडेही तेच. तपासणीपुरतं सगळेच एखादं आवडतं बीज टाकतात आणि नंतर काढून टाकतात. हिनं बाळंतपणाच्या रजेवरून आल्यावर टाकलेलं बीज सोळाव्या ओळीत तसंच बसलं होतं. भिंगरीची जन्मतारीख.

म्हणजे शंभर सुरुवाती नव्हत्याच. एकच सुरुवात शंभर वेळा. यंत्राची मापं दर वेळी थोडी थरथरतात, म्हणून शंभर रेषा जराजरा वेगळ्या दिसत आणि कुणाला संशय आला नाही. आणि ती एक सुरुवात नेमकी तळाच्या शेजारची, दारामागचीच.

यंत्राचे तास तर संपले होते. तिनं साध्या कॉम्प्युटरवर यंत्राची नक्कल लावली आणि शंभर वेगळी बीजं दिली. चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. सात सुरुवाती तळाशी पोचल्या. त्र्याण्णव माळावर.

तिला आधी रागच आला, आणि तोही भिंगरीचा. एक दिवस, एकच दिवस उशिरा फोन केला असता तर काय बिघडलं असतं कार्टीचं! मग त्या रागाची इतकी लाज वाटली, की तिनं ओढणी तोंडात कोंबली आणि जाळीच्या घरघरीखाली मनसोक्त रडून घेतलं. चेहरा धुऊन ती सरांकडे गेली.

सरांनी सगळं ऐकलं. ऐकता ऐकता ते पेनाचं टोपण काढत नि लावत होते.

"हे मला का सांगितलंस?" ते म्हणाले. "आता मलाही कळलं ना!"

"सर, मी काय करू?"

"बीज कुठलं होतं, हे आजवर एकाही परीक्षकानं विचारलेलं नाही." ते उठून दारापाशी गेले, दार लावलं, परत येऊन बसले. "सोमवारी माझ्या प्रकल्पाची तपासणी आहे. सगळा डोलारा तुझ्या चाळीसवर उभा आहे. मी तुला दाखल कर म्हणणार नाही. नको असंही म्हणवत नाही. माझीच मान अडकली आहे गं."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि सर मधे पेन घेऊन बसलेले. दाखल केलं तर महिन्यात घरी, पण उद्या कुणीतरी तिच्या चाळीसच्या भरवशावर आपले तीस तास त्या माळावर घालवणार. थांबवलं तर यंत्राचे तास पुढच्या वर्षी, आणि घर त्याच्याही पुढे.

पाचला बारा मिनिटं होती. प्रबंध चढवून ठेवलेला होता, पडद्यावर दोन बटणं होती, 'दाखल करा' आणि 'मागे घ्या'. तिनं 'मागे घ्या' दाबलं. खात्री आहे का, असं पडद्यानं विचारलं. हो, म्हणून पुन्हा दाबलं. मग सोळावी ओळ खोडायला गेली, तर ती तारीख खोडताना बोट अडलं. तरी खोडली.

मग तिनं घरी फोन लावला. भिंगरीच्या बाबाला एका वाक्यात सांगितलं. "बरं," एवढंच तो म्हणाला आणि फोन लेकीच्या हातात गेला.

"आई, आता तुझ्यावर राज्य!"

"माझ्यावरच आहे गं. कधीचं."

"मग तू मला शोधायला ये. मी डोळे मिटून मोजते. किती मोजू?"

"तुला किती येतात?"

"शंभर! सगळे!"

"मग शंभराच्या पुढचे शिकून ठेव," आई म्हणाली.